बंदूक भिंतीवर येण्यापूर्वी

१

नाटकाच्या आरंभी भिंतीवर बंदूक टांगलेली असेल, तर पुढे ती केव्हातरी उडालीच पाहिजे, हा चेकॉव्हचा नियम आपल्याकडे आता इतका रुळला आहे की, ज्याने चेकॉव्हची एकही कथा वाचलेली नाही तोदेखील वादाच्या वेळी तो बेधडक पुढे करतो. नियम खोटा नाही. १८८९ सालच्या एका पत्रात चेकॉव्हने एका लेखकमित्राला या अर्थाची सूचना दिलेली आहे. कलाकृतीत अनावश्यक सामान आणू नये, एवढाच तिचा आशय. तथापि या नियमाने आम्हा लेखकांना आणि वाचकांना एक वाईट खोड लावून ठेवली आहे, असे मला वाटते. बंदूक दिसली की आपण कान टवकारून बाराची वाट पाहू लागतो. ती केव्हा उडेल, कोणावर उडेल, कोण मरेल, एवढेच प्रश्न आपल्याला पडतात. ती भिंतीवर आली कोठून, कोणी विकत आणली, कितीला आणली, ते पैसे कोठून उभे केले आणि आणल्यानंतर त्या माणसाला झोप कशी लागली, हे मात्र आपण विचारीत नाही.

गंमत अशी की, खुद्द चेकॉव्हला या नियमाचे फारसे भय नव्हते. त्याचा व्हान्यामामा प्राध्यापकावर दोनदा गोळी झाडतो आणि दोन्ही वेळा त्याचा नेम चुकतो. १९०४ साली रंगभूमीवर आलेल्या 'चेरी ऑर्चर्ड'मध्ये शार्लट बंदूक घेऊन येते, येपिखोदव नावाचा कारकून आपल्याजवळचे रिव्हॉल्व्हर काढून दाखवतो. नाटक संपते, बाग तोडली जाते, पण यांपैकी एकही हत्यार उडत नाही. आयुष्यात बहुतेक बंदुका उडत नाहीत. त्या घरात राहतात. त्यांना तेल द्यावे लागते.

माझे म्हणणे एवढेच आहे की, बंदुकीच्या कथेतला खरा नाट्यमय क्षण बार उडण्याचा नसून ती विकत घेण्याचा असतो. बार उडतो तेव्हा माणसाच्या हातून सारे निसटलेले असते. तेथे लेखकाला वर्णन करण्यापलीकडे काही उरत नाही. उलट दुकानाच्या फळीपुढे माणूस उभा असतो तेव्हा तो स्वतःविषयीचे एक चित्र विकत घेत असतो. हे चित्र आपल्या अंगाला बसत नाही असे त्याला पुढे कळते, तेव्हा जे होते त्याला आपण पश्चात्ताप म्हणतो. तीन कथांच्या आधारे हे तपासून पाहण्याचा येथे विचार आहे. तिन्ही मी इंग्रजीतून, शब्दकोश जवळ ठेवून वाचल्या. माझे शिक्षण मॅट्रिकपुरते; तेव्हा भाषेच्या सूक्ष्म छटांविषयी मी अधिकाराने बोलणार नाही. परंतु व्यवहार कोठल्याही भाषेत कळतो, आणि या तिन्ही कथा व्यवहाराच्या आहेत.

२

पहिली कथा गोगोलची. इव्हान इव्हानोविच आणि इव्हान निकिफोरोविच या दोन शेजाऱ्यांच्या भांडणाची ही कथा १८३४ सालची आहे. मिर्गोरोद नावाच्या लहानशा गावात दोघे राहतात. त्यांच्या स्नेहाची सारा गाव उदाहरणे देतो. एके दिवशी इव्हान इव्हानोविच सावलीला आडवा पडलेला असताना शेजारच्या अंगणात म्हातारी मोलकरीण जुने कपडे उन्हात घालते. त्या विटलेल्या कापडांबरोबर एक जुनी बंदूकही बाहेर येते. तिचा चापाजवळचा भाग बिघडलेला आहे. मालकाने त्या बंदुकीने एक बदकदेखील मारल्याचे कोणाच्या ऐकिवात नाही. पण ती दृष्टीस पडताच इव्हान इव्हानोविचला ती हवीशी वाटते.

तो शेजाऱ्याकडे जातो आणि बंदुकीच्या बदल्यात आपली तपकिरी डुकरीण देऊ करतो. वर दोन पोती ओट देऊ करतो. शेजारी नाही म्हणतो. दरोडेखोर आले तर काय करायचे, असे त्याचे म्हणणे. बोलण्याला बोलणे वाढते आणि शेवटी शेजारी त्याला 'गँडर' म्हणजे नर हंस म्हणतो. झाले! एका शब्दापायी मैत्री तुटते. रात्री कुंपणालगतच्या हंसांच्या खुराड्याचे खांब करवतीने कापले जातात, कोर्टात अर्ज पडतात, आणि तीच तपकिरी डुकरीण एके दिवशी कचेरीत शिरून शेजाऱ्याचा अर्ज पळवून नेते. गावकरी समेट घडवून आणतात, तो होत आलेला असतो, इतक्यात समजुतीच्या भरात तोच शब्द पुन्हा तोंडातून जातो आणि सारे मोडते. पुष्कळ वर्षांनी निवेदक त्या गावी परत येतो. पाऊस पडत असतो. दोघेही म्हातारे झालेले असतात आणि दोघांनाही आपला निकाल आता लवकरच लागणार अशी खात्री असते.

या कथेकडे विनोदी कथा म्हणून पाहण्याचा प्रघात आहे, आणि ती विनोदी आहे यात शंकाच नाही. परंतु व्यवहाराच्या दृष्टीने पाहिले तर ही न झालेल्या खरेदीची कथा आहे. मोडकी बंदूक ज्याच्याजवळ आहे त्याला ती नको आहे. दुसऱ्याने मागितल्याबरोबर मात्र ती त्याची अब्रू होते. ज्याला ती हवी आहे त्याला तिचा उपयोग सांगता येत नाही. गोगोलने येथे फार मोठी गोष्ट सहजगत्या केली आहे. हत्याराच्या ठिकाणी असलेली गरज त्याने काढून टाकली आणि निव्वळ हौस शिल्लक ठेवली. तेव्हा ध्यानात येते की हौस एकटीसुद्धा दोन घरे धुळीला मिळवायला पुरी पडते. ती बंदूक उडवली असती तर फार तर एखादे बदक मेले असते. न उडवता तिने दोन आयुष्ये खाल्ली.

३

दुसरी कथा चेकॉव्हची, १८८७ सालची. तिचे नाव 'सूड घेणारा' अशा अर्थाचे आहे. बायकोचा व्यभिचार नुकताच डोळ्यांनी पाहिलेला सिगाएव्ह नावाचा गृहस्थ बंदुकांच्या दुकानात उभा आहे. चेहऱ्यावर संताप, दुःख आणि अढळ निश्चय. बायको, तिचा प्रियकर आणि आपण स्वतः, असे तीन बळी त्याने ठरवून टाकले आहेत. दुकानातला विक्रेता मात्र आपल्या मालाच्या प्रेमात पडलेला आहे. तो स्मिथ अँड वेसनचे रिव्हॉल्व्हर पुढे करून त्याचे गुण वर्णू लागतो. किंमत पंचेचाळीस रूबल. दरोडेखोर, लांडगे आणि बायकांचे प्रियकर यांच्यासाठी आम्ही असली रोज विकतो, असेही तो बोलण्याच्या ओघात सांगून टाकतो. सिगाएव्हचे दुःख त्या दुकानात नेहमीचे गिऱ्हाईक आहे!

यापुढे कथेत घडत काहीच नाही. विक्रेता एकामागून एक हत्यारे दाखवीत राहतो आणि सिगाएव्हच्या मनातला बेत एकेका हत्याराबरोबर बदलत जातो. आधी तिघे मरणार असतात. मग वाटते, दोघांना मारावे आणि स्वतः कोर्टापुढे ताठ उभे राहावे. मग वाटते, प्रियकराला आणि स्वतःला संपवावे, बायकोला पश्चात्तापात जगू द्यावे. इतक्यात विक्रेता एका अधिकाऱ्याची हकीकत सांगतो. त्याने येथूनच रिव्हॉल्व्हर नेले, प्रियकरावर झाडले. गोळी आरपार जाऊन दिव्यावर आदळली, तेथून पियानोवर, तेथून उलटून घरातल्या लहानग्या कुत्र्याला लागली. अधिकारी आता सक्तमजुरीला जाणार. सिगाएव्ह विचार करतो, आपण सैबेरियात जाऊ आणि बायको खुशाल दुसरे लग्न करील. असा एकेक बळी वजा होत होत शेवटी कोणीच उरत नाही. आता प्रश्न एवढाच, की इतका वेळ घेतल्यावर दुकानातून रिकाम्या हाताने निघायचे कसे? भिंतीवर काहीतरी टांगलेले दिसते. हे काय, म्हणून तो विचारतो. लावे पकडायचे जाळे. किंमत आठ रूबल. आठ रूबल देऊन जाळे बगलेत मारून तो बाहेर पडतो, आणि आत आला होता त्याहून अधिक अपमानित होऊन जातो.

अधिकाऱ्याच्या गोळीचा प्रवास थोडा प्रहसनाकडे झुकतो, हे मान्य केले पाहिजे. या वेळी चेकॉव्ह अजून विनोदी साप्ताहिकांसाठी लिहीत होता आणि त्या लिखाणाची घाई येथे दिसते. परंतु रचनेचे मर्म पाहा. पश्चात्ताप नेहमी कृत्यानंतर येतो असे आपण धरून चालतो. शब्दातच 'पश्चात्' आहे. चेकॉव्हने तो खरेदीच्या आधी आणून ठेवला. दुकानदाराची बडबड, किंमतीची घासाघीस आणि गिऱ्हाइकाची भीड, एवढ्या सामानातून त्याने एका माणसाला तीन खुनांपासून परत फिरवले. उपदेशाचा शब्द नाही, देव नाही, आईची आठवण नाही. पंचेचाळीस रूबल जास्त वाटले, हे पहिले कारण! वाचक हसतो, पण घरी जाताना त्याच्याही बगलेत ते जाळे असते. आयुष्यात कितीदा आपण भव्य निश्चय करून निघालो आणि जाळे घेऊन परतलो, हे ज्याचे त्याला ठाऊक.

४

येथपर्यंत दोन्ही बंदुका विकत घ्यायच्या राहिल्या. तिसऱ्या कथेत ती विकत घेतली जाते, आणि म्हणून तिन्हींत ती सर्वांत कठोर आहे. अमेरिकेतला नीग्रो म्हणून त्या काळी ओळखला जाणारा, आज आपण कृष्णवर्णीय म्हणतो त्या समाजातला लेखक रिचर्ड राइट (१९०८–१९६०) हा मिसिसिपीत जन्मला. त्याची ही कथा प्रथम १९४० साली छापली गेली आणि त्याच्या मृत्यूनंतर १९६१ च्या 'एट मेन' या संग्रहात सुधारलेल्या रूपात आली. 'जवळजवळ पुरुष झालेला माणूस' असा तिच्या नावाचा अर्थ.

डेव्ह सतरा वर्षांचा आहे. गोऱ्या जमीनदाराच्या शेतावर राबतो. त्याची मजुरी जमीनदार त्याच्या आईच्या हाती देतो. बरोबरीची पोरे त्याला मोजीत नाहीत. बंदूक असली तर आपल्याशी कोणी पोरासारखे बोलणार नाही, असे त्याला वाटते. जो नावाच्या गोऱ्या दुकानदाराकडे एक जुने पिस्तूल दोन डॉलरला आहे. डेव्ह आईची मनधरणी करतो. आणल्याबरोबर माझ्या हाती दे, ते तुझ्या बापाचे राहील, या अटीवर आई दोन डॉलर देते. तो अट मोडतो. दुसऱ्या दिवशी पहाटे नांगराला जेनी नावाचे खेचर जुंपून तो दूर शेतात जातो, डोळे मिटून चाप ओढतो, आणि गोळी जेनीला लागते. त्या भोकात तो ओली काळी माती दाबून भरू पाहतो. रक्त थांबत नाही.

माझ्या मते मातीने भोक बुजवणारा हा हात म्हणजेच पश्चात्तापाचे साहित्यातले एक अस्सल चित्र आहे. येथे डेव्ह काही बोलत नाही, लेखकही बोलत नाही. खेचर नांगराच्या फाळावर पडले असे तो आधी खोटे सांगतो. मग सर्वांसमक्ष कबूल करावे लागते. लोक हसतात. जमीनदार म्हणतो ते असे की, पोरा, तू मेलेले खेचर विकत घेतलेस. किंमत पन्नास डॉलर, फेड दरमहा दोन डॉलर. म्हणजे ज्या दोन डॉलरला पिस्तूल आले तेच दोन डॉलर पंचवीस महिने भरायचे. गणित शिकवणाऱ्या मास्तराला हा हिशेब विसरता येत नाही. राइटने तो मांडलेला नाही, नुसते आकडे ठेवले आहेत. भागाकार वाचकाने करायचा. हत्यार विकणारा गोरा, खेचराची किंमत ठरवणारा गोरा आणि दोन्ही वेळा मोजणारे हात काळे, हेही त्याच आकड्यांत आहे.

बाप विचारतो, पिस्तूल कोठे आहे? डेव्ह सांगतो, ओढ्यात फेकले. ते खोटे असते. त्याने ते पुरून ठेवलेले असते. रात्री तो जाऊन ते उकरून काढतो, या वेळी डोळे उघडे ठेवून झाडतो, सर्व गोळ्या संपवतो; जमीनदाराच्या घरावर झाडायला आणखी एक गोळी हवी होती असे त्याला वाटते. मग रिकामे पिस्तूल खिशात घालून तो जाणारी आगगाडी पकडतो.

या शेवटाकडे मुक्तीचा शेवट म्हणून पाहणारे पुष्कळ आहेत. पोराने गुलामी झुगारली, कर्ज झुगारले, तो माणूस झाला, असे ते म्हणतात. मला हे पटत नाही. गाडी त्याला कोठे नेते हे त्याला ठाऊक नाही, आणि ज्या वस्तूपायी गाव सुटले तीच एक वस्तू त्याच्याजवळ आहे, तीही रिकामी. त्याला पश्चात्ताप झाला काय? नाही. गोळी संपल्याची हळहळ मात्र झाली. खरेदीचा पश्चात्ताप त्याने आपल्यावर टाकला आहे; तो वाचकाला होतो. लेखकाने पात्राच्या तोंडी दोन पश्चात्तापाची वाक्ये घातली असती तर वाचक मोकळा सुटला असता.

दोषही सांगितला पाहिजे. बंदूक आली की आपण पुरुष होणार, हा डेव्हच्या मनातला विचार राइटने पहिल्याच परिच्छेदात उघड करून ठेवला आहे. कथेने जे सावकाश दाखवायचे ते आरंभीच सांगून टाकले. आपला राग लेखकाला येथे आवरता आलेला नाही. पण तो राग इतका खरा आहे की या दोषासकट कथा उभी राहते.

५

आता आपल्याकडे वळतो, आणि दोष द्यायचाच तर स्वतःपासून सुरुवात करतो.

आपल्या समाजात बंदूक ही दुकानात जाऊन सहज आणायची वस्तू कधीच नव्हती. १८७८ च्या शस्त्रकायद्याने इंग्रजांनी ती परवान्याची केली, आणि १९५९ च्या आपल्या कायद्यानेही परवाना ठेवला. त्यामुळे डेव्हसारखा पोरगा आपल्या खेड्यात निर्माण होणे कठीण, आणि ते बरेच आहे. मात्र त्याचा एक परिणाम असा झाला की, आमच्या कादंबऱ्यांतली बंदूक पाटलाच्या किंवा इनामदाराच्या भिंतीवर जन्मापासूनच टांगलेली असते. माझ्या पहिल्या कादंबरीतही ती तशीच होती. पहिल्या प्रकरणात भिंतीवर, शेवटच्या प्रकरणात उडालेली. परीक्षणकर्त्यांनी नियम पाळल्याबद्दल पाठ थोपटली.

ती बंदूक मी माझ्या मामांच्या घरून उचलली होती. राजापूरकडच्या आमच्या आजोळी ओटीवर एकनळी काडतुशी बंदूक होती. रानडुकरांपासून शेत राखण्यासाठी मामांनी परवाना काढून ती घेतली होती. पुस्तक वाचून झाल्यावर मामा म्हणाले, "उडवलीस छान. पण ती विकत घेतलीन कोणी नि कशापायी, ते कुठं आहे रे यात?" मी हसण्यावारी नेले. तेव्हा त्यांनी जे सांगितले ते त्यांनी मामींनाही सांगितलेले नव्हते.

बंदुकीसाठी मामींची पाटली मोडली होती. डुकरे खरोखरच येत होती. पण खरे कारण ते नव्हते, असे मामा म्हणाले. वाडीतल्या एका भावकीवाल्याकडे बंदूक होती आणि गणपतीत लोक त्याला आधी 'या बसा' म्हणत, ते त्यांना लागले होते. घेतल्यानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात रात्री माळ्यावरून शेत राखताना पऱ्ह्याच्या अंगाला खसखस झाली. मामांनी बार काढला. अंधारातून हाक आली, "मी आहे, मी!" शेजारचा पोरगा कुर्ल्या धरायला आला होता आणि त्याची बत्ती विझली होती. छर्रे काजूच्या खोडात बसले. पोराला वाटले, डुक्कर मागे होते आणि मामांनी आपल्याला वाचवले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने कृतज्ञतेने चार कुर्ल्या घरी आणून दिल्या. मामींनी कालवण केले. "मी उपास आहे म्हणून सांगितलं," मामा म्हणाले.

त्यानंतर ती बंदूक कधी भरली गेली नाही. परंतु ती टाकताही येईना. विकायची तर सरकारला आधी लेखी कळवायचे, घेणाराही परवानेवाला शोधायचा. आणि का विकता, असे लोक विचारणार. मग परवान्याचे नूतनीकरण, नळीला तेल, मुले ओटीवर खेळू लागली की छातीत धडधड, आणि निवडणूक जाहीर झाली की बंदूक खांद्यावर टाकून पोलीस ठाण्यात जमा करून पावती आणायची. पावती हाती असे ते दीड-दोन महिने आपल्याला झोप चांगली लागे, असे मामा म्हणाले.

माझ्या कादंबरीत यातले काही नव्हते. मला भिंत दिसली होती आणि बार ऐकू आला होता. त्या दोहोंमधली तीस वर्षे मी वगळली होती. डेव्हने ओढ्यात फेकले म्हणून सांगितलेले आणि खरोखर पुरून ठेवलेले पिस्तूल मी राइटच्या कथेत नंतर वाचले, तेव्हा मला ओटीवरची ती खुंटी आठवली. घेतलेली बंदूक परत करता येत नाही, हे राइटला ठाऊक होते. मामांना ठाऊक होते. मला, म्हणजे लेखकाला, तेवढे ठाऊक नव्हते.

आपल्या कथाकादंबऱ्यांतला पश्चात्ताप फार बोलका असतो, अशी माझी तक्रार आहे, आणि तीत मी स्वतःला आधी धरतो. पात्रे रडतात, पाय धरतात, पानभर स्वगत म्हणतात आणि वाचक हलका होतो. गोगोलची डुकरीण, चेकॉव्हचे आठ रूबलचे जाळे, राइटचे दरमहा दोन डॉलर, यांत कोणी रडत नाही. तेथे फक्त किंमत सांगितली आहे. पश्चात्ताप हा भावनेचा विषय खरा, पण कलाकृतीत तो हिशेबातून आला तरच त्याचा प्रत्यय येतो. ज्या लेखकाला आपल्या कथेतल्या भिंतीवर बंदूक टांगायची असेल, त्याने ती उडवायची की नाही हे मागाहून ठरवावे. आधी ती आणण्यासाठी कोणाची पाटली मोडली, हे त्याला ठाऊक असले पाहिजे.

मामा वारल्यावर मामेभावाने ती बंदूक ठाण्यात कायमची जमा केली. ओटीवरची खुंटी तशीच आहे. तिला आता मुलांचे दप्तर अडकवतात.